२६/२/२६ ला लग्न: अशा तारखांमध्ये तुम्हाला काही अर्थ सापडतो का?

निवांत_माई | १२ जानेवारी, रात्री ९:४०
मंडळी, घरात सध्या हाच एक विषय चालू आहे म्हणून इथे टाकतेय. माझा भाचा आणि त्याची होणारी बायको दोघंही पुण्यात नोकरीला, पण लग्न नागपुरातच करायचं ठरलंय, रजिस्टर पद्धतीने, आणि संध्याकाळी जवळच्या लोकांना जेवण, बस. दोघांनी तारीख काढली २६/२/२६. का तर "मावशी बघ ना, दोन्हीकडे सव्वीस आणि मधे दोन, म्हणजे आम्ही दोघं". आई म्हणते तारीख काढायला पंचांग आहे, आकडे जुळवून लग्न ठरवायचं म्हणजे आरटीओत गाडीचा नंबर घेतल्यासारखं झालं. त्यावर भाचा म्हणतो आजी, पंचांगात तरी काय असतं, आकडेच ना. झालं, दोन दिवस आई त्याच्या फोनवर यायला तयार नाही.
मला खरं म्हणजे दोन्ही बाजू पटतात. १२/१२/१२ ला दुपारी बारा वाजून बारा मिनिटांनी आमचं अख्खं ऑफिस कामं सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभं होतं, आणि बारा तेरा झाल्यावर सगळ्यांना एकदम ओशाळल्यासारखं झालं, साहेबांसकट. शुभ-अशुभाचं सोडा, पण त्या एका मिनिटात आम्ही नेमकं कशाची वाट बघत होतो? तुमच्यापैकी कोणी अशी तारीख धरून काही केलंय का?

तर्री_मारके | ९:५२
२६/१/२६ ला करा. सरकारी सुट्टी, सगळे येतील, आणि दरवर्षी अ‍ॅनिव्हर्सरीला देशभर झेंडे लागतील ते वेगळं.

वऱ्हाडी_ठेचा | १०:०५
माई कायले डोक्याले ताप करून राहिले बाप्पा. तारीख कोणतीबी घ्या, आधी फेब्रुवारीत लॉन भेटते का ते पाहा. वर्धा रोडवर चौकशी करून राहिलो मी बहिणीसाठी, लॉनवाला तारीख आयकून घेते, मंग आपल्या तोंडाकडे पाहाते, मंग भाव सांगते.

छापखाना_महाल | १०:३१
आमचा पत्रिका छापायचा धंदा आहे, वडिलांपासून, त्यामुळे या तारखांवर बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजतो. दोन किस्से सांगतो.
११/११/११ ला भरपूर पत्रिका होत्या. त्या वेळी योगही बरा आला होता, तुळशीचं लग्न उरकलेलं, त्रिपुरी पौर्णिमा आदल्या दिवशी, शुक्रवार. म्हणजे म्हातारे पण खूश, पोरं पण खूश. पत्रिकेवर तिथी, शके वगैरे नेहमीच्या जागी आणि खाली तीन अकरा मोठ्या टाइपात सोनेरी फॉइलमध्ये. ते फॉइल मारताना एकाचा दांडा दुसऱ्याला जरा जरी तिरपा गेला की गिऱ्हाईक प्रूफ परत पाठवायचं, कारण सहा उभ्या रेघा एका ओळीत दिसल्याच पाहिजेत. इतर पत्रिकांत लोक नावातली वेलांटी सुद्धा नीट बघत नाहीत.
पुढच्या वर्षी १२/१२/१२. आता गंमत बघा, त्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे १३ डिसेंबर २०१२ ला अमावस्या होती. अमावस्येच्या तोंडावर लग्न कोण करतं? तरी आलेच लोक. एका घरी तर मुलीच्या आजोबांनी सांगितलं की पत्रिकेत तिथीची ओळच छापू नका, फक्त १२.१२.१२ टाका, म्हणजे कोणी विचारणार नाही. मी छापली. लग्न झालं, आता त्यांच्या पोराच्या मुंजीची पत्रिका पण आमच्याकडेच झाली. तिच्यावर मात्र तिथी होती, आजोबांनी स्वतः येऊन तपासली.

पुणेरी_खडू | १०:४०
थोडक्यात नागपूरकरांना मुहूर्त चालतो, नाही मिळाला तर आकडा चालतो, जेवण मात्र दोन्ही वेळेला लागतं.

तर्री_मारके | १०:४२
पुण्यात पत्रिकेवरच लिहितात ना, आहेर आणू नये आणि दोन ते चार येऊ नये.

गणित_मास्तर | १३ जानेवारी, सकाळी ६:१५
शाळेत गणित शिकवून रिटायर झालोय, सकाळी फिरून आलो आणि हा धागा दिसला, तेव्हा थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.
आधी प्रकार वेगळे करू. एक म्हणजे दिवस, महिना, वर्ष तिन्ही सारखे, ०१/०१/०१ पासून १२/१२/१२ पर्यंत. महिने बाराच असल्यामुळे शतकात असे दिवस बाराच येतात आणि ते २०१२ मध्ये संपले, आता पुढचा ०१/०१/२१०१. आपल्यापैकी कोणी नसेल, सोडून द्या. दुसरा प्रकार उलटसुलट सारखीच वाचता येणारी तारीख, उदाहरणार्थ २२०२२०२२, म्हणजे २२ फेब्रुवारी २०२२, मंगळवार होता. आता गंमत अशी की वर्ष २० ने सुरू होत असल्याने उलटं केल्यावर महिना ०२ च येणार, म्हणून या शतकातल्या अशा सगळ्या तारखा फेब्रुवारीतच आहेत. १० फेब्रुवारी २००१ ही पहिली, आणि २९ फेब्रुवारी २०९२ ही शेवटची, २०९२ लीप वर्ष आहे म्हणून ती बसते. एकूण २९, म्हणजे फेब्रुवारीच्या प्रत्येक तारखेचा नंबर एकेकदा लागतो. आणि त्याच्या आधी? १९ उलटं केलं तर ९१ वा महिना लागेल, तो कुठून आणायचा. त्यामुळे २९ नोव्हेंबर ११९२ नंतर थेट २००१, मधे आठशे वर्षं एकही नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना हे सुख नव्हतं!
आता माईंच्या भाच्याची तारीख. २६/२/२६ ही या दोन्हीत बसत नाही. २६२२६ उलटं केलं तर ६२२६२. म्हणजे पोरांनी तिसरा नियम काढला. गेल्या वर्षी २५/५/२५ ला पण असाच नवा नियम निघाला होता. तारीख आधी आवडते, नियम मागून येतो. माझा आक्षेप नाही, फक्त ज्याचं माप त्याच्या पदरात घालावं.

निवांत_माई | ७:३०
मास्तर, हे भाच्याला पाठवलं. त्याचं उत्तर: "त्यांना सांग आमचं उलट करायचं नाहीये, आरशात बघायचं नाहीये, आम्हाला फक्त गोड वाटतंय."

गणित_मास्तर | ७:४१
गोड वाटण्याला सिद्धता लागत नाही. पोराला आशीर्वाद.

फॉरवर्ड_काका | ८:२०
छान माहिती मास्तर. यात भर घालतो, यंदाचा फेब्रुवारी फारच दुर्मिळ आहे, चार रविवार चार सोमवार असे सगळे वार बरोबर चार चार वेळा, असं ८२३ वर्षांतून एकदाच होतं. आणि मे महिन्यात पाच शुक्रवार पाच शनिवार पाच रविवार आहेत, त्याला पैशाची थैली म्हणतात. ज्याने पुढे पाठवलं त्याला चार दिवसांत लाभ.

झिरो_माइल | ८:३३
काका, हात जोडून. २८ दिवसांना ७ ने भागा. चार. लीप वर्ष सोडलं तर प्रत्येक फेब्रुवारीत सगळे वार चार चारच असतात, गेल्या वर्षी पण होते. यंदा एवढंच वेगळं की १ तारीख रविवारी आहे, त्यामुळे रविवारपासून सुरू होणाऱ्या कॅलेंडरवर महिना चार ओळींत चौकोनी बसतो, रिकामं घर एकही नाही. दिसायला सुंदर आहे हे मान्य. पण हे २०१५ ला पण झालं होतं आणि २०३७ ला परत होईल. आणि तुमची थैली म्हणजे ३१ दिवसांचा कुठलाही महिना जो शुक्रवारी सुरू होतो तो. मार्च २०२४, ऑगस्ट २०२५, आता मे २०२६. ८२३ वर्षं असती तर ऑगस्टमध्ये मिळालेल्या पैशाचं काय केलंत ते सांगा.

फॉरवर्ड_काका | ८:५०
ऑगस्टमध्ये कूलर विकला होता. तुम्ही हसा, पण पाठवायला काय जातं.

वऱ्हाडी_ठेचा | ८:५५
काका, इडापिडा गावाबाहेर काढाची आपली मारबतीची मिरवणूक निघते ना, तिच्यात या, आपण जोरात ओरडू, ८२३ वर्षाचे फॉरवर्ड घेऊन जाय गे मारबत!

सावध_नागरिक | १०:१०
हसण्यावारी नेऊ नका. काही तारखा खरंच वाईट असतात. २६ बघा. २६ जानेवारी २००१ भूज भूकंप, २६ डिसेंबर २००४ त्सुनामी, २६ जुलै २००५ मुंबई पाण्यात, २६ नोव्हेंबर २००८. हा योगायोग आहे का? आणि यांचं लग्न २६/२/२६, दोनदा सव्वीस. मी असतो तर टाळलं असतं.

झिरो_माइल | १०:२४
आला. या आकड्याची वाटच बघत होतो. आता मी पण एक यादी देतो. पानशेत १२ जुलै १९६१. कोयना ११ डिसेंबर १९६७. भोपाळ २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र. मुंबई स्फोट १२ मार्च १९९३. किल्लारी ३० सप्टेंबर १९९३. आणि आपल्या नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४, गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी, ११४ माणसं गेली, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे, रोज त्यावरून जातो आपण. यात एक तरी २६ आहे? तुम्ही चार उचलल्या, बाकीच्या टाकल्या. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली की तेवढी फांदी लक्षात राहते, रोज शेकडो कावळे बसतात आणि काही होत नाही त्याची यादी कोण ठेवतो. आणि २६ जानेवारी १९५० विसरलात का?

सावध_नागरिक | १०:३०
प्रत्येक गोष्टीत तर्क चालत नाही साहेब. घरात कार्य असताना अशुभ बोलू नये एवढं तरी.

झिरो_माइल | १०:३२
अशुभ यादी तुम्हीच काढली.

तर्री_मारके | १०:३३
मी पोहे घेऊन बसलो आहे, चालू द्या.

अकरा_वाजले | ११:११
मला एक सांगा, रोज घड्याळ बघितलं की ११:११ च का दिसतं? शपथ सांगते रोज. मैत्रीण म्हणते कोणीतरी वरून इशारा देतंय. (वेळ बघा या पोस्टची, मुद्दाम थांबून टाकलीये.)

गणित_मास्तर | ११:४०
तुम्ही मुद्दाम थांबलात, उत्तर त्यातच आलं. १०:४७ ला पण घड्याळ बघत असाल की, ते मनात नोंदवलं जात नाही एवढंच.

सांजवेळ | दुपारी २:०५
इथे सहसा फक्त वाचते. ११/११/११ चा उल्लेख आला म्हणून लिहितेय. माझे बाबा त्या दिवशी गेले. सकाळी. आमच्या फ्लॅट स्कीमच्या खालच्या हॉलमध्ये त्याच दिवशी लग्न होतं, त्यांनी बिचाऱ्यांनी बॅन्ड बंद ठेवला, नवऱ्या मुलाचे वडील स्वतः वर येऊन गेले. पुढे दाखला घ्यायला गेले तर खिडकीतल्या माणसाने रजिस्टरमध्ये ११-११-२०११ लिहिलं, थोडं थांबला, आणि म्हणाला "तारीख लक्षात राहील बघा ताई". त्याने वाईट हेतूने म्हटलं नव्हतं. पण मला ती तारीख लक्षात राहायला नकोच होती ना. दरवर्षी अकरा नोव्हेंबर आला की ऑनलाइन सेलच्या जाहिराती, अकरा अकरा म्हणून, फोनवर दहा वेळा. म्हणून आम्ही वर्षश्राद्ध तिथीनेच करतो, कार्तिक वद्य प्रतिपदा. ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, कोणाला आकडा दिसत नाही, घरातल्या घरात होतं. माझ्यापुरतं तिथीचं हे मोठं काम आहे. शुभ-अशुभाचं मला काही कळत नाही.

निवांत_माई | २:२०
सांजवेळ, काय लिहू कळत नाहीये. लिहिलंत हे बरं केलंत.

वऱ्हाडी_ठेचा | २:४४
ताई, ते लग्नवाले चांगले निघाले. अशी माणसं भेटत नाही आजकाल.

दीक्षाभूमी_परिसर | संध्याकाळी ६:३०
सांजवेळ ताईंच्या मुद्द्यावरून. तारीख की तिथी हा वाद आमच्या घरी वेगळ्या कारणाने होतो. १४ ऑक्टोबर १९५६, रविवार होता, आणि त्याच दिवशी अशोक विजयादशमी. बाबासाहेबांनी दीक्षा दिली तो दिवस असा दोन्ही अंगांनी ठरलेला. माझे आजोबा त्या गर्दीत होते, पांढरं धोतर नवीन घेतलं होतं आणि परतताना चिखलाने भरलं, एवढंच ते सांगायचे, बाकी भाषणाचं विचारलं की गप्प व्हायचे. आता दसरा दरवर्षी सरकतो आणि १४ ऑक्टोबर जागचा हलत नाही. मग दसऱ्याला बाहेरगावचे लाखो लोक येतात, रहाटे कॉलनीपासून पुढे पाय ठेवायला जागा नसते, आणि १४ तारखेला आम्ही स्थानिक लोक शांतपणे जातो. एका घटनेचे वर्षातून दोन दिवस. आत्या म्हणते १४ एप्रिल जन्म आणि १४ ऑक्टोबर दीक्षा, बरोबर सहा महिने, बघ. मी म्हणतो आत्या, बाबासाहेबांना हे सांगितलं असतं तर ते काय म्हणाले असते? ती म्हणते ते काही का म्हणेनात, मला १४ आकडा आवडतो, माझ्या घराचा नंबर पण १४ आहे. यावर काय बोलणार.

गणित_मास्तर | ७:१०
सुंदर. यात एक भर. तिथी आणि तारीख साधारण १९ वर्षांनी परत जुळतात, कारण १९ सौर वर्षं आणि २३५ चांद्रमास यांत अवघा दोन-सव्वादोन तासांचा फरक आहे. कधी एखादा दिवस मागेपुढे होतो. म्हणून आपला तिथीने येणारा वाढदिवस आणि तारखेचा वाढदिवस १९, ३८, ५७ व्या वर्षी जवळपास एकाच दिवशी येतात. घरी कोणाचं वय ३८ असेल तर जुनं पंचांग काढून बघा. हे मला २२/२/२२ पेक्षा कितीतरी जास्त थरारक वाटतं, कारण इथे चंद्र-सूर्य खरंच जुळतात, तिथे फक्त आपली लिहायची पद्धत जुळते. अमेरिकेत महिना आधी लिहितात, तिकडे २२०२२०२२ लिहिताच येत नाही. ०२/०२/२०२० मात्र कसंही लिहा, दिवस आधी, महिना आधी, वर्ष आधी, उलटसुलट सारखंच. वर्षाचा तो ३३ वा दिवस होता आणि ३३३ दिवस उरले होते.

मनीषनगर_१बीएचके | ७:१८
मास्तर, त्याच ०२/०२/२०२० ला आमचं लग्न झालं. रविवार, गोड गुलाबी थंडी, सगळे म्हणाले काय तारीख काढली. मार्चमध्ये लॉकडाऊन. नवं लग्न, एक खोली आणि हॉल, माझी आई आमच्याकडे चार दिवसांसाठी आली होती ती तिथेच अडकली. तारखेत अर्थ होता की नाही माहीत नाही, पण त्या उन्हाळ्यात टिकलो म्हणजे आता काहीही टिकेल.

तर्री_मारके | ७:२०
उरलेल्या ३३३ दिवसांचा अर्थ आता लागला.

लीप_लेक | ९:०५
२९ फेब्रुवारीवाले कोणी आहे का इथे? मी आहे. अशा तारखेचा अर्थ एकच, जन्मभर तोच जोक ऐकणे. "अरे तू तर अजून शाळेत". मोरारजी देसाई आमच्या टोळीचे, जन्म २९ फेब्रुवारी १८९६. आणि १९०० हे लीप वर्ष नव्हतं, शंभराने भाग जातो पण चारशेने जात नाही, त्यामुळे त्यांना पहिला खरा वाढदिवस १९०४ मध्ये मिळाला, आठव्या वर्षी. आम्हाला निदान २००० ने वाचवलं. ऑनलाइन फॉर्ममध्ये अजूनही कधी कधी माझी जन्मतारीख टाकली की लाल अक्षरात 'अवैध तारीख' येतं. मी अवैध आहे.

लेबर_रूम | १४ जानेवारी, सकाळी १०:००
तिळगूळ घ्या गोड बोला. नर्स आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे वेगळ्या रूपात येतो. १२/१२/१२ ला आमच्याकडे सिझेरियनची रांग होती. ज्यांची तारीख तशीही त्याच आठवड्यात होती त्यांचं ठीक, पण काही जण महिना शिल्लक असताना विचारायचे, करून टाका ना डॉक्टर. ३९ आठवडे भरायच्या आत कारण नसताना सिझेरियन केलं तर बाळाला श्वासाचा त्रास व्हायची शक्यता वाढते, हे मॅडम प्रत्येकाला बसवून समजावायच्या. एका आजीबाईंनी तर बारा वाजून बारा मिनिटांचा आग्रह धरला होता. मॅडमनी शांतपणे विचारलं, आजी, बाळ बाहेर आलं ती वेळ धरायची, रडलं ती, की नाळ कापली ती? आजीबाई विचारात पडल्या आणि तेवढ्यात बाळ झालं. वेळ काय लिहिली ते सांगणार नाही.
लग्नासाठी तारीख धरा, गाडीसाठी धरा. पोटातल्या बाळाला धरू नका, एवढंच.

गुढी_आणि_गणित | ११:३०
एक बारीक मुद्दा. भारत सरकारचं स्वतःचं राष्ट्रीय कॅलेंडर आहे, मेघनाद साहा समितीने सुचवलेलं, २२ मार्च १९५७ पासून लागू, राजपत्रावर तारीख त्यातही छापतात. २२/२/२२ चा एवढा गाजावाजा झाला ती त्या कॅलेंडरात ३ फाल्गुन १९४३ होती. काहीच जुळत नाही. आणि २६/२/२६ म्हणजे ७ फाल्गुन १९४७.

पुणेरी_खडू | ११:३४
थांबा. शके १९४७?? म्हणजे पत्रिकेवर लिहिणार, शके १९४७ मध्ये विवाह? त्या साली देश स्वतंत्र झाला आणि या साली नवरा...

छापखाना_महाल | ११:५०
खडूभाऊ, यंदा प्रत्येक पत्रिकेवर शके १९४७ छापतोय आणि प्रत्येक तिसरं गिऱ्हाईक हाच जोक करतं. गुढीपाडव्याला संपेल बिचारा.

निवांत_माई | ११:५५
हा आईला वाचून दाखवला. पहिल्यांदा हसली या विषयावर. दोन दिवसांनी भाच्याशी बोलली पण, तिळगूळ कुरिअरने पाठवला का एवढंच विचारलं, पण बोलली.

व्यवस्थापक | दुपारी १२:३०
धागा छान चालला आहे. वैयक्तिक टोमणे टाळा. कूलर खरेदी-विक्रीसाठी वेगळा विभाग आहे (काकांना उद्देशून, त्यांनी इथे फोन नंबर टाकला होता, काढला आहे).

सावध_नागरिक | ४:१५
झिरोमाइल यांना शेवटचं सांगतो. मला पण माहीत आहे की २६ आकडा कोणाला मारत नाही. पण माझ्या मोठ्या भावाचा अपघात २६ लाच झाला होता, आणि त्या नंतर घरात आईने त्या तारखेला काहीही नवं करायचं नाही असं ठरवलं, तिच्या हयातीत आम्ही ते पाळलं, आता पण पाळतो. आकडेवारीने त्याचं काय करायचं सांगा.

झिरो_माइल | ४:४०
काही नाही करायचं. पाळा. मी तुमच्या घरातल्या २६ बद्दल बोलतच नव्हतो, सगळ्यांच्या २६ बद्दल बोलत होतो. आधी हे लिहिलं असतं तर मी यादी काढली नसती.

कडक_चहा_सदर | ५:०५
मला इथे एक म्हणायचंय. हे चिमुकले आकडे लोकांना का आवडतात तर ते फुकट आहेत. मुहूर्त काढायला गुरुजी लागतात, पत्रिका लागते, गोत्र लागतं, आंतरजातीय असेल तर अर्धे गुरुजी आधी घसा खाकरतात. माझ्या लग्नात हेच झालं होतं. आम्ही मग १०/१०/१० घेतली, रविवार होता. ती तारीख कोणाच्या जातीची नव्हती, आम्हाला कोणाला विचारावं लागलं नाही, आणि दोन्ही घरच्या लोकांना 'वा, मस्त तारीख' एवढं एक वाक्य तरी सारखं बोलता आलं. बाकी त्या दिवशी दोन्ही घरं दुसऱ्या कशावरच एकमताने बोलली नाहीत. माईंचा भाचा कदाचित हेच करतोय, कारण रजिस्टर लग्न म्हणालात म्हणून अंदाज. चुकत असेन तर सोडून द्या.

निवांत_माई | ५:३०
अंदाज बरोबर आहे. एवढंच लिहिते.

गणित_मास्तर | ६:००
कडक चहा, तुमची पोस्ट दोनदा वाचली.
विषय आलाच आहे तर कापरेकरांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. देवळालीचे शाळामास्तर, द. रा. कापरेकर. ६१७४ या आकड्यामुळे जगभर नाव झालं. त्यांनी ज्यांना डेम्लो संख्या म्हटलं त्या बघा: ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. उलटसुलट सारख्या. आणि डेम्लो हे नाव का, तर ती कल्पना जिथे सुचली त्या स्टेशनाचं नाव, म्हणजे आपली डोंबिवली. आकड्यांशी खेळायला माणसाला भविष्य सांगावं लागत नाही. नुसती मजा पुरते. आता मला शाळेतल्या पोरांसारखं तुम्हाला गृहपाठ द्यायचाय: भिंतीवरच्या कॅलेंडरात ४/४, ६/६, ८/८, १०/१०, १२/१२ यांचे वार बघा.

अकरा_वाजले | ६:१२
अय्या! सगळे शनिवार!!

गणित_मास्तर | ६:२०
कोणतंही वर्ष घ्या, या पाचांचा वार एकच असतो. दोन तारखांच्या मधे ६३ दिवस, म्हणजे बरोबर नऊ आठवडे. जॉन कॉन्वे नावाच्या गणितज्ञाने याच्यावर कुठल्याही तारखेचा वार तोंडी काढायची रीत बसवली. शिकून घ्या, ११:११ पेक्षा जास्त उपयोगी पडेल.

नोटीस_बोर्ड | १५ जानेवारी, सकाळी ९:२०
सगळं वाचलं आणि आश्चर्य वाटलं की मुख्य गोष्ट कोणी सांगितलीच नाही. माईंच्या भाच्याला २६ फेब्रुवारीला विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, ती लागल्यापासून ३० दिवस हरकतीसाठी थांबावं लागतं, आणि मग नोटीशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न. आता मोजा. २६ जानेवारी सोमवार, सुट्टी. २४, २५ शनिवार-रविवार, राज्य सरकारी कार्यालयं पाच दिवसांच्या आठवड्यामुळे बंद. २७ ला नोटीस दिली तर ३० दिवस भरेपर्यंत २६ फेब्रुवारी हातचा गेला. म्हणजे शुक्रवार २३ जानेवारीच्या आत काम झालं पाहिजे, आणि वयाचा, पत्त्याचा पुरावा, फोटो यात काही कमी निघालं की अजून एक फेरी. दोघांपैकी एकाचा तरी पत्ता या जिल्ह्यातला हवा, किमान ३० दिवसांचं वास्तव्य. दोघंही पुण्यात राहतात म्हणून हे आधी बघा. तारीख सुंदर आहे, पण आज गुरुवार आहे.

निवांत_माई | ९:२८
बाप रे. हे त्यांनी बघितलंय का नाही मलाच माहीत नाही. फोन लावते.

वऱ्हाडी_ठेचा | ९:३३
घ्या. तीन दिवसापासून उलटंसुलटं वाचून राहिले सगळे, सरळ मोजलं कोणी नाही.

लेबर_रूम | ९:४०
हुकलंच तर पुढची सोय आत्ताच बघून ठेवा माई, १७ मे ते १५ जून अधिक महिना आहे. त्या वेळी आईला विचारायचं धाडस करू नका.

पुणेरी_खडू | ९:४५
उलट २६ फेब्रुवारीला झालं तर मुलीच्या वडिलांची लगेच परीक्षा, लग्नाला तीन महिने होत नाहीत तोच धोंड्याचा महिना आणि जावयाला तेहतीस अनारसे.

निवांत_माई | रात्री ८:५०
बोलणं झालं. मुलगी इथलीच, अजनीची, तिचं घर इथे आहे आणि ती नोव्हेंबरपासून घरूनच काम करतेय, म्हणजे ते बसतं. नोटिशीचं मात्र दोघांनाही कळलं होतं पण 'महिनाभर आधी' एवढंच, सुट्ट्या कोणी मोजल्या नव्हत्या. सोमवारी भाचा विमानाने येतोय, मंगळवारी दोघं जाणार. आईने एक अट घातली, सकाळी आधी टेकडी गणपतीला जाऊन मग सही, आणि किती वाजता सही ते ती सांगणार. भाच्याने मान्य केलं, म्हणाला आजी, फक्त २ वाजून २६ मिनिटं नको म्हणू नको. आई म्हणाली बघते पंचांगात काय आहे ते.

सावध_नागरिक | ९:०५
आमच्याकडून शुभेच्छा. मनापासून. माझं २६ चं माझ्यापाशी.

तर्री_मारके | ९:१०
जेवणात सांबारवडी आहे का, तेवढं कळवा (पुणेकरांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर). या दिवसांत सांबार स्वस्त आहे, बहाणा चालणार नाही.

लॉन_मालक_वर्धारोड | ९:३०
नमस्कार, नवीन सदस्य. मास्तरांचं गणित वाचलं. पुढची उलटसुलट तारीख ०३/०२/२०३०, मी बघितलं, रविवार येतो. बुकिंग आजपासून घेतो. ठेचा भाऊ, तुमच्या तोंडाकडे नाही बघणार, थेट भाव सांगीन.